क्रॉयडनमध्ये मत कसं द्यायचं: लंडनच्या उपनगरातल्या मराठी मतदारासाठी कौन्सिल निवडणुकीची वाटाड्या

व्हिसावर ब्रिटनमध्ये आलेल्या बहुतेक भारतीयांच्या कानावर क्रॉयडन हे नाव पडतं ते लूनर हाउसमुळे. वेलस्ली रोडवरची ती उंच इमारत म्हणजे गृहखात्याचं इमिग्रेशनचं कार्यालय. तुम्ही या देशात राहायचं की नाही याचे कागद ज्या गावात फिरतात, त्याच गावाचा महापौर आणि नगरसेवक निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे. तेही नुसत्या वर्क व्हिसावर असताना, हातात भारतीय पासपोर्ट असताना.

पुष्कळांना हे खरं वाटत नाही. "आपण कुठे इथले नागरिक?" असं म्हणून पत्रकं थेट रिसायकलिंगच्या डब्यात जातात. आणि गावही लहानसहान नाही. २०२१ च्या जनगणनेत क्रॉयडनची लोकसंख्या तीन लाख नव्वद हजारांच्या घरात गेली. लंडनच्या बरोंमध्ये, म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेल्या विभागांमध्ये, ती सर्वांत जास्त. २०२२ मध्ये इथल्या महापौरपदाचा निकाल सहाशेहून कमी मतांनी लागला. एवढी माणसं तर दोन-तीन गल्ल्यांत राहतात.

निवडणूक दर चार वर्षांनी, मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होते: २०१८, २०२२, २०२६. लंडनच्या बत्तीसही बरोंत एकाच दिवशी. मुंबई महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार चालला, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या ठरलेल्या गुरुवारचं अप्रूप वाटेल. पुढे जे लिहिलंय ते क्रॉयडन डोळ्यांपुढे ठेवून. हॅरो, हाउन्सलो किंवा बार्नेटला राहत असाल तर महापौराचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी हक्क आहे का ते बघा

भारत राष्ट्रकुलात आहे, आणि इथल्या कायद्यानुसार राष्ट्रकुलातल्या देशाच्या नागरिकाला, तो इथे कायदेशीर परवानगीने राहत असेल तर, मत देता येतं. स्किल्ड वर्कर, त्याची किंवा तिची पत्नी वा पती, विद्यार्थी, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालेले, सगळे यात बसतात. किती वर्षं राहिलात ही अट नाही. मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं. नाव मात्र १६ व्या वर्षापासून नोंदवता येतं. कौन्सिलपुरतंच नव्हे, पार्लमेंटच्या निवडणुकीतही याच यादीवर मत देता येतं.

सहा महिन्यांसाठी नातवंडांना भेटायला आलेल्या आईवडिलांचं नाव मात्र घालू नका. ते पाहुणे आहेत, इथले रहिवासी नाहीत, आणि अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

दोन शंका नेहमी येतात. इथे मत दिलं तर भारतीय नागरिकत्वावर गदा येते का? नाही. परदेशाचं नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं. परदेशात मत दिल्याने जात नाही. दुसरी शंका ओसीआय कार्डवाल्यांची. तुम्ही ब्रिटिश नागरिक झालेले असता, म्हणून ब्रिटिश म्हणूनच मत देता. त्या कार्डाचा इथे काही संबंध नाही.

नाव नोंदवणं

कौन्सिल टॅक्स भरताय म्हणजे मतदार यादीत नाव आहे, असा समज सर्रास दिसतो. तसं नसतं. दोन्ही याद्या वेगळ्या आहेत. नोंदणी प्रत्येकाने आपली आपण करायची. घरातल्या कर्त्याने सगळ्यांची नावं एकदम घालायची सोय आता राहिलेली नाही. दरवर्षी कौन्सिलकडून घरी जी चौकशी येते, ती फक्त घरात कोण राहतं हे तपासायला. त्यात नवं नाव कळवलं, तरी त्या माणसाने वेगळा अर्ज करायलाच हवा.

अर्ज सरकारच्या गव्ह-डॉट-यूके संकेतस्थळावर 'रजिस्टर टू व्होट' या पानावर होतो. पाचएक मिनिटांचं काम आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो. नुकतेच आलात आणि तो नंबर अजून मिळाला नसेल तरी थांबू नका. नंबर का नाही ते त्याच अर्जात लिहिता येतं. मग कौन्सिल दुसरा पुरावा मागते. नागरिकत्वाच्या प्रश्नाला सरळ 'इंडियन' लिहायचं.

नावाच्या रकान्यांपाशी मात्र दोन मिनिटं जास्त थांबा, कारण आपली नावं इथल्या साच्यात नीट बसत नाहीत. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून 'गिव्हन नेम' झालेलं असतं. बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, ऑफिसात भलतंच काही. इथे पासपोर्टवर आहे तसंच लिहा: पहिलं नाव पहिल्या रकान्यात, वडिलांचं वा नवऱ्याचं मधल्या नावात, आडनाव आडनावात. याचा फायदा थेट मतदानाच्या दिवशी होतो, तो पुढे सांगतो.

अर्जात शेवटी 'ओपन रजिस्टर'मध्ये नाव ठेवायचं का, असं विचारतात. ती यादी कुणालाही विकत घेता येते. नको म्हणा; मताच्या हक्काला धक्का लागत नाही आणि जाहिरातींची टपालं कमी होतात. यादीत नाव असण्याचा एक वरकड फायदाही आहे. कर्ज देणाऱ्या संस्था पत्ता याच यादीवरून ताडून बघतात, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाच्या क्रेडिट स्कोअरला हातभार लागतो. आमच्याकडे कित्येकांनी लोकशाहीसाठी नाही, पण मॉर्गेजसाठी म्हणून नाव नोंदवलंय. चालतं.

शेवटची मुदत मतदानाच्या आधीच्या १२ व्या कामाच्या दिवशी मध्यरात्री संपते. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे वगळून मोजायचं. ७ मे २०२६ च्या मतदानासाठी ती तारीख २० एप्रिल येते. घर बदललं की पुन्हा अर्ज. ईस्ट क्रॉयडन स्टेशनजवळच्या फ्लॅटमधून पर्लीला घरात गेलात तर बरो तीच, पण प्रभाग बदलला, म्हणजे उमेदवारही बदलले. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना घरचा आणि विद्यापीठाचा असे दोन्ही पत्ते नोंदवता येतात, आणि ते दोन वेगळ्या कौन्सिलांत असतील तर कौन्सिल निवडणुकीत दोन्हीकडे मतही देता येतं.

कोणाच्या हातात काय आहे

उमेदवार दारात आला की आपण त्याच्याशी बसबद्दल भांडतो आणि तोही मान डोलावतो. बस त्याच्या हातात नसते. बस, ट्राम आणि लाल रेघांचे मुख्य रस्ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे, म्हणजे लंडनच्या महापौरांच्या अखत्यारीत. पोलीस आणि अग्निशमन दलाचंही तसंच. ती निवडणूक वेगळी, ती २०२४ मध्ये झाली.

बरो कौन्सिलकडे येतात त्या गोष्टी अशा: कचरा, वाचनालयं, बागा, गल्लीबोळातले रस्ते आणि पार्किंग, बांधकाम परवाने, कौन्सिलची घरं, बेघरांची सोय, शाळाप्रवेशाची प्रक्रिया, आणि वृद्धांची व अडचणीतल्या मुलांची काळजी. या शेवटच्या बाबीवर सगळ्यांत जास्त पैसा जातो आणि तीच सगळ्यांत कमी दिसते. कचऱ्याचा डबा उचलला नाही तर गल्ली पेटते; वृद्धांच्या देखभालीचे तास कमी झाले तर एका घराला कळतं.

मार्चमध्ये येणारं कौन्सिल टॅक्सचं बिल टाकून देऊ नका. त्यावर तुमच्या घराचा बँड असतो, ए ते एच, आणि तो १ एप्रिल १९९१ रोजी घराची काय किंमत झाली असती त्यावरून ठरलेला. त्याखाली रक्कम फोडून दाखवलेली असते: क्रॉयडन कौन्सिलचा वाटा, प्रौढांच्या देखभालीसाठीचा, आणि ग्रेटर लंडन ऑथॉरिटीचा. उमेदवाराशी बोलायला यापेक्षा चांगला कागद नाही.

क्रॉयडनच्या बाबतीत तर पैशांची गोष्ट टाळताच येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये कौन्सिलच्या वित्त अधिकाऱ्याने 'सेक्शन ११४'ची नोटीस काढली. खर्चाला पुरेल एवढं उत्पन्न नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद, असा तिचा अर्थ. लोक याला दिवाळखोरी म्हणतात. कायद्याने कौन्सिलचं दिवाळं निघत नाही, पण घरात व्हायचं ते तसंच होतं. कौन्सिलच्याच मालकीची 'ब्रिक बाय ब्रिक' ही घरबांधणी कंपनी, तिला दिलेली कर्जं, फेअरफील्ड हॉल्स या नाट्यगृहाच्या नूतनीकरणावर वाढत गेलेला खर्च, हे सगळं लेखापरीक्षकांच्या अहवालात चव्हाट्यावर आलं. तेव्हा सत्ता लेबरची होती. २०२२ मध्ये महापौरपद कॉन्झर्व्हेटिव्ह जेसन पेरींकडे गेलं आणि त्या नोव्हेंबरात पुन्हा तशीच नोटीस निघाली. एप्रिल २०२३ मध्ये कौन्सिल टॅक्स जवळपास १५ टक्के वाढला. नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी वर, सरकारची खास परवानगी घेऊन. २०२४ मध्ये चार वाचनालयं बंद करायचा निर्णय झाला: ब्रॅडमोर ग्रीन, ब्रॉड ग्रीन, सँडरस्टेड आणि शर्ली. पुढे २०२५ मध्ये सरकारने आपले आयुक्तच कौन्सिलवर बसवले.

म्हणून माझं म्हणणं असं, की क्रॉयडनमध्ये "तुम्ही काय करणार?" हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न "पैसे कुठून आणणार?" पर्लीचा जलतरण तलाव २०२० मध्ये बंद झाला तेव्हापासून त्याच्याविषयी बोलायला सगळेच तयार असतात. कर्जाच्या हप्त्यांविषयी बोलायला लावा, मग कोण घरचा अभ्यास करून आलंय ते लगेच कळतं.

दुसरा पेटता विषय बांधकामांचा. दक्षिणेकडे पर्ली, सँडरस्टेड, केनली या भागांत बागेसकट एकेकटी घरं पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले. त्याला वाट करून देणारी मार्गदर्शिका कौन्सिलने २०१९ मध्ये मंजूर केली होती. पेरी आल्यावर २०२२ मध्ये ती रद्द झाली. तुम्ही घरमालक असाल तर एका बाजूला असाल, भाड्याने राहत असाल तर कदाचित दुसऱ्या. मराठी कुटुंबांचा प्रवास बहुतेक वेळा पहिल्या फ्लॅटकडून दुसऱ्या घराकडे होतो आणि मतंही त्याच बसने जातात, असं माझं निरीक्षण आहे.

महापौर आणि नगरसेवक: इथे गफलत होते

मुंबई-पुण्याचा महापौर सभेत अध्यक्षस्थानी बसतो, उद्घाटनं करतो. कारभाराची दोरी आयुक्तांच्या हाती असते. क्रॉयडनचा निवडून आलेला महापौर तसा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये इथे सार्वमत झालं, मत दिलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी थेट निवडलेल्या महापौराच्या बाजूने कौल दिला, आणि मे २०२२ मध्ये पहिला महापौर आला. तो आपलं मंत्रिमंडळ नेमतो, अंदाजपत्रक मांडतो, बहुतेक निर्णय घेतो. (गळ्यात साखळी घालून समारंभांना जाणारा 'सिव्हिक मेयर' वेगळा असतो. फोटोतली साखळी बघून फसू नका.)

मग ७० नगरसेवक काय करतात? बांधकाम समितीत बसतात, कारभाराची छाननी करतात, अंदाजपत्रकावर मत देतात. महापौराचं अंदाजपत्रक बदलायचं तर दोनतृतीयांश मतं लागतात, म्हणजे विरोधकांना एकट्याने ते जवळपास अशक्य. २०२२ मध्ये सभागृहात लेबर ३४, कॉन्झर्व्हेटिव्ह ३३, ग्रीन २ आणि लिबरल डेमोक्रॅट १ असं बलाबल होतं. महापौर एका पक्षाचा आणि सभागृहात सर्वांत मोठा पक्ष दुसराच. तेव्हा दोन्ही मतपत्रिका स्वतंत्र विचार करून भरा. एकीचा परिणाम दुसरीत आपोआप उतरत नाही.

उमेदवार पारखायचे कसे

उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत एप्रिलमध्ये संपली की कौन्सिल उमेदवारांची अधिकृत यादी जाहीर करते. डेमोक्रसी क्लब ही स्वयंसेवकांची संस्था 'हू कॅन आय व्होट फॉर' नावाचं संकेतस्थळ चालवते. पोस्टकोड टाकला की तुमच्या मतपत्रिकेवरची सगळी नावं आणि मिळाली असेल ती माहिती पुढे येते. मी सुरुवात तिथून करतो.

दारातून आत पडणाऱ्या पत्रकांकडे जरा तिरक्या नजरेने बघा. "इथे फक्त आमचाच पक्ष जिंकू शकतो" असं सांगणारा स्तंभालेख दिसला की त्याच्या खालचं बारीक अक्षर वाचा. आकडे कधी पार्लमेंटच्या निवडणुकीचे असतात, कधी भलत्याच मतदारसंघाचे, आणि उंच स्तंभ आकड्यापेक्षा अंमळ जास्तच उंच काढलेला असतो. प्रत्येक पत्रकावर ते कोणी छापलं आणि कोणाच्या वतीने, हे पत्त्यासकट लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर ते पत्रक विश्वासाच्या लायकीचं नाही.

आधीपासून नगरसेवक असलेला उमेदवार असेल तर काम सोपं. कोण किती सभांना हजर होतं, कोणत्या समितीत आहे, त्यांचे आर्थिक हितसंबंध कोणते, हे सारं कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतं. सभांचं चित्रीकरणही बघता येतं. एखाद्या बांधकाम समितीची सभा अर्धा तास बघा. कोण कागद वाचून आलंय आणि कोण पहिल्यांदाच पानं उलटतंय, ते पडद्यावरही लपत नाही.

आणि दारात आलेल्या माणसाशी बोला. इथे प्रचार म्हणजे मुख्यतः दार ठोठावणं. भोंगे नाहीत, मिरवणुका नाहीत. शनिवारी सकाळी हातात यादी घेतलेली दोघं-तिघं येतात आणि तुमचा कल विचारून यादीत खूण करतात. सांगायचं नसेल तर हसून नाही म्हणा. पण प्रश्न असेल तर हीच वेळ, आणि मोघम विचारू नका. "गल्लीत अस्वच्छता आहे" याला उत्तर "हो, आम्ही बघू" असंच येणार. "कोपऱ्यावर रात्री गाद्या टाकून जातात, तक्रार केली तर किती दिवसांत उचलतात?" याला माहिती असलेला माणूसच उत्तर देऊ शकतो.

प्रत्यक्ष, टपालाने की प्रॉक्सी

मे म्हणजे आपली लग्नसराई. निम्मी मंडळी तेव्हा भारतात असतात, म्हणून हे आधीच ठरवा.

टपालाचं मत हवं तर मतदानाच्या ११ कामाचे दिवस आधी, संध्याकाळी ५ पर्यंत अर्ज पोहोचायला हवा. २०२६ साठी २१ एप्रिल. मतपत्रिकेसोबत एक निवेदन येतं, त्यावर सही आणि जन्मतारीख टाकायची. ही दोन्ही अर्जातल्या नोंदीशी जुळली नाहीत तर मत बाद. देवनागरीत सही करणाऱ्यांनी दोन्हीकडे देवनागरीतच करावी, हे सांगायला नको. जन्मतारखेच्या जागी आजची तारीख लिहिण्याचा प्रकार बराच होतो. भरलेला लिफाफा मतदानाच्या रात्री १० च्या आत पोहोचायला हवा. टपालपेटीत टाकायला उशीर झाला तर स्वतः मतदान केंद्रावर नेऊन द्या, तिथे एक फॉर्म भरावा लागतो. तुमचा लिफाफा "आम्ही नेऊन देतो" असं पक्षाचा कार्यकर्ता म्हणाला तर देऊ नका. नात्यातला किंवा एकाच घरात राहणारा नसेल तर कार्यकर्त्याने दुसऱ्याचं टपाली मत हाताळणं आता गुन्हा आहे.

भारतात असणार असाल तर टपालाचा नाद सोडा. मतपत्रिका एप्रिलच्या उत्तरार्धात निघणार, पुण्याला किंवा नाशिकला पोहोचणार कधी आणि परत येणार कधी? अशा वेळी प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा माणूस नेमा. तो स्वतः यादीतला मतदार हवा आणि त्याने त्याचं स्वतःचं ओळखपत्र न्यायचं, तुमचं नाही. अर्ज ६ कामाचे दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत; २०२६ साठी २८ एप्रिल. अचानक आजारपण आलं तर मतदानाच्या दिवशी ५ पर्यंत तातडीची प्रॉक्सीही मागता येते.

ओळखपत्र

२०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावंच लागतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्ट चालतात, म्हणजे भारतीय पासपोर्ट चालतो. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, शिकाऊसुद्धा. जुनं बीआरपी (रहिवासी परवान्याचं) कार्ड चालतं. मुदत संपली असली तरी, फोटो तुमच्यासारखा दिसत असेल तर. पासपोर्टलाही तीच सवलत. साठीपुढच्यांचं ६० प्लस ऑयस्टर फोटोकार्ड आणि ज्येष्ठांचा फ्रीडम पासही चालतो.

आधार चालत नाही, भारतीय मतदार ओळखपत्र नाही, भारतीय लायसन्स नाही, ऑफिसचं किंवा विद्यापीठाचं कार्ड नाही, मोबाइलवरचा ई-व्हिसा नाही. कुठल्याही ओळखपत्राचा फोटो किंवा झेरॉक्स नाही. मूळ वस्तूच हवी. यातलं काहीच जवळ नसेल तर 'व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट' फुकट मिळतं. त्याचीही मुदत प्रॉक्सीइतकीच.

आता नावाची ती मघाची गोष्ट. ओळखपत्रावरचं नाव यादीतल्या नावाशी जुळायला हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्या फरकाने सहसा अडत नाही. पण पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं असेल तर विवाहाचा दाखला सोबत न्या. पासपोर्ट भारतीय वकिलातीत नूतनीकरणाला दिलेला असेल तर लायसन्स किंवा बीआरपी आधीच शोधून ठेवा.

मतदानाचा दिवस

सुट्टी नसते. गुरुवार असतो, लोक कामावर जातात, म्हणून केंद्रं सकाळी ७ ते रात्री १० उघडी असतात. केंद्र म्हणजे जवळची शाळा, चर्चचं सभागृह किंवा कम्युनिटी हॉल. तुमच्या पत्त्यासाठी जे नेमलंय तिथेच जायचं. घरी आलेलं पोलकार्ड नेलं तर यादीत नाव लवकर सापडतं, पण ते सक्तीचं नाही. रात्री १० ला रांगेत उभे असाल तर मत देऊ देतात.

दाराशी रंगीत फितीचे बिल्ले लावलेले पक्षांचे स्वयंसेवक तुमचा मतदार क्रमांक विचारतील. त्यांच्या पक्षाचे कोणते मतदार येऊन गेले आणि कोणाला संध्याकाळी फोन करायचा, यासाठी ते चाललेलं असतं. ते सरकारी अधिकारी नाहीत; सांगायचं की नाही ही तुमची मर्जी.

आत कर्मचारी नाव-पत्ता विचारतात, ओळखपत्र बघतात, यादीत रेघ मारतात आणि क्रॉयडनमध्ये दोन मतपत्रिका हाती देतात: एक महापौराची, एक नगरसेवकांची. मतयंत्र नाही. लाकडी आडोसा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिलीवर विश्वास नसेल तर स्वतःचं पेन वापरा, कोणी हरकत घेत नाही.

महापौराच्या पत्रिकेवर एकच फुली. २०२२ मध्ये पहिली आणि दुसरी पसंती असे दोन रकाने होते. त्याच वर्षीच्या इलेक्शन्स ॲक्टने ते काढून टाकले. तेव्हाची सवय असेल तर सोडा, दोन फुल्या केल्यात तर मत बाद.

नगरसेवकांच्या पत्रिकेवर प्रभागाप्रमाणे एक, दोन किंवा तीन जागा असतात. क्रॉयडनच्या २८ प्रभागांपैकी बहुतेकांत दोन किंवा तीन, पार्क हिल अँड व्हिटगिफ्टमध्ये एकच. किती फुल्या करता येतील ते पत्रिकेच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. पुण्या-ठाण्याच्या प्रभाग पद्धतीत मत दिलेल्यांनी इथे सावध राहावं. तिकडे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण. इथे सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने, आणि तीन जागा असतील तर सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले तीन निवडून येतात. एकाच पक्षाचे तीन उमेदवार एकाखाली एक नसतात; एक वर, एक मध्ये, एक तळाशी. यादी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन्सिल टेकवू नका.

तीनही मतं वापरलीच पाहिजेत असं नाही. आणि तिन्ही एकाच पक्षाला द्यायलाही हवीत असं नाही. २०२२ मध्ये फेअरफील्ड प्रभागाने ग्रीनचे दोन आणि लेबरचा एक असे नगरसेवक पाठवले. क्रिस्टल पॅलेस अँड अपर नॉरवुडमध्ये लेबरचे दोन आणि लिब डेमचा एक. एखादा उमेदवार तुम्हाला मनापासून हवा असेल तर त्यालाच एक मत देऊन बाकीची दोन कोरी ठेवणं हाही हिशेबी मार्ग आहे, कारण तुमचं दुसरं मत तुमच्याच पहिल्या माणसाला मागे टाकू शकतं. पक्ष हे सांगत नाहीत. त्यांना तिन्ही हवी असतात.

फुली चुकली तर पत्रिका पेटीत टाकू नका, परत द्या, दुसरी मिळते. सही, नाव, शेरे काही लिहू नका, ओळख पटेल असं काही असलं की मत बाद. ज्येष्ठांना वाचता येत नसेल किंवा शारीरिक अडचण असेल तर केंद्राध्यक्षांना सांगून सोबतीची मदत घेता येते. आत फोटो काढू नका. बोटाला शाई लागत नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपच्या स्टेटससाठी बाहेरच्या 'पोलिंग स्टेशन' पाटीवर भागवावं लागतं.

मोजणी

आधी पेटीतल्या पत्रिकांची संख्या ताळ्यावर आणतात, मगच मतं मोजतात. तीन जागांच्या प्रभागात एकाच पक्षाला सरळ तिन्ही मतं दिलेल्या पत्रिका वेगळ्या काढतात; त्या पटकन मोजून होतात. मतं वाटलेल्या पत्रिका मात्र एकेक करून तक्त्यावर उतरवाव्या लागतात, म्हणून निकालाला वेळ लागतो. समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो.

स्वतः उभं राहायचं असेल तर

मत देण्यापेक्षा अट कडक आहे. भारतीय नागरिक असाल तर आयएलआर हवा. नुसत्या वर्क व्हिसावर उमेदवारी भरता येत नाही. वय १८. शिवाय पुढीलपैकी एक तरी: बरोच्या मतदार यादीत नाव, किंवा वर्षभर इथे वास्तव्य, मुख्य नोकरी-धंदा, अथवा मालकीची वा भाड्याची जागा. नगरसेवकपदासाठी अनामत रक्कम नाही, त्या प्रभागातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात. महापौरपदाला ५०० पौंड अनामत. ५ टक्के मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. कौन्सिलमध्येच नोकरी करत असाल तर मात्र उभं राहता येत नाही.

पक्षाकडून उभं राहायचं तर निवडणुकीच्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. पक्ष उमेदवार बरेच महिने आधी ठरवतात, आणि ठरवतात ते स्थानिक सभासद. तोवर तुम्ही सभासद झालेले असायला हवं आणि पावसात चार-सहा शनिवार तरी दुसऱ्या कोणाची पत्रकं वाटलेली असायला हवीत. अपक्षाला हे बंधन नाही, पण हजारो दारं आहेत आणि पाय दोनच.

निवडून कोणीही येवो, नगरसेवकांचा ईमेल कौन्सिलच्या पानावर असतो, आणि बरेच जण ठरलेल्या दिवशी वाचनालयात किंवा हॉलमध्ये लोकांना भेटतात. त्याला 'सर्जरी' म्हणतात. जाताना आधी केलेल्या तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि फोटो न्या. तक्रार आधी कौन्सिलकडे नोंदवलेली नसेल तर ते तुम्हाला पहिल्यांदा तेच करायला सांगतील.